सामान बदलून पाहू!

गाडी बंद पडणे हा गुन्हा नव्हे. बंद पडून मिस्त्रीपुढे मात्र शहाण्यासारखी चालणे, हा गुन्हा. आणि शिक्षा मालकाला. नवे प्लग, नवी कॉइल, नवा कंडेन्सर, वर मजुरी. भातकुलीची वेस ओलांडली की जुनी फियाट पुन्हा मिसिंग मारते. मग, "आता कार्बोरेटर बदलून पाहू, भाऊ!" पाहणार तो, पैसे आपले.

या पंथाशी माझे उघड वैर आहे. अधूनमधून येणारा बिघाड सामान बदलून नव्हे, 'केव्हा होतो?' असे विचारून सापडतो. तळेगाव दशासरच्या शंकरपटात जोडी अडखळली तर जाणता म्हातारा विचारतो, "कुठं अडखळली बावा?" शिंगं बदलून पाहू, असं कोणी म्हणत नाही!

गाडी तापल्यावर अडते? कॉइलच्या आतला कच्चा सांधा उष्णतेने सुटतो, निवला की जुळतो. अमरावतीच्या गॅरेजात रांगेत तासभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच निर्दोष ठरते. साक्षीदार फुटतो तो असा. खड्ड्यात अडते? मग डिस्ट्रिब्यूटरमधली तार आतून तुटलेली, वरचे कवच शाबूत. पावसात? टोपीला बारीक चीर.

रेसवाल्यांना हे कळते. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच पॉइंटवाल्या फियाटी शर्यतीत पळत. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेते तेव्हा सेकंदाला 200 ठिणग्या लागतात. पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर ती तिथेच दगा देते. उभ्या गाडीत कशी सापडावी? कॉइलवर चालणारा फेऱ्यांचा काटा मिसिंगसरशी कोसळला, तर दोष बॅटरी, स्विच, पॉइंटच्या बाजूला. काटा स्थिर राहिला, तर प्लगच्या किंवा पेट्रोलच्या बाजूला. एका नजरेत निम्मी गाडी निर्दोष सुटते.

आपल्या गाडीला तो काटा नसेना का! बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक सुटी वायर जोडून फिरून यावे. मिसिंग थांबले तर चोर चावीचा स्विच, नाहीतर त्याची वायर. (अशी गाडी चावीने बंद होत नाही, वायर काढावी लागते, शेजारी बसणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.)

हे सुचवले की मिस्त्री भडकतो. "तुम्ही दुरुस्त करता का मी?" अरे बाबा, तूच कर. पण आधी स्टिअरिंगवर बस आणि तापेपर्यंत चालव. पेट्रोल माझं.