आरोग्य-चिंतन : गाठीपुढील पांढरी रेघ

श्रवणाची नस, तोल सांभाळणाऱ्या नसा आणि चेहरा हालविणारी नस या साऱ्या कानाच्या आत जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या अस्थिमार्गातून एकत्र जातात. तेथे तोलाच्या नसेच्या आवरणातून क्वचित एक गाठ उद्भवते. ती कर्करोगाची नव्हे, वाढतेही बहुधा सावकाश. परंतु एका कानाचे ऐकणे हळूहळू हिरावून घेते. दूरध्वनीवरील शब्द एकाच कानाला अस्पष्ट वाटू लागतात, आणि दोष वयाला दिला जातो!

हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा प्राण वाचला तरी शस्त्रवैद्य कृतार्थ होत. श्रवणाची गोष्ट कोण काढणार? १९६१ साली अमेरिकेतील विल्यम हाऊस यांनी अंतर्कर्ण न फोडता, वरच्या बाजूने या मार्गात शिरण्याची रीत वर्णिली.

आता कोणत्या वाटेने जावे, हे बरेचसे प्रतिमांवरून आधीच ठरते. एमआरआयच्या एका प्रकारात मेंदूभोवतालचा द्रव पांढराशुभ्र व गाठ काळसर दिसते. अस्थिमार्गाच्या कानाकडील टोकाशी द्रवाची पांढरी रेघ शिल्लक असली, तर श्रवण वाचण्याची आशा अधिक. मागच्या बाजूने जाताना किती हाड कोरले असता अंतर्कर्णास धक्का लागणार नाही, हे सीटी स्कॅनवरून मोजता येते. ऐकणे मुळात किती उरले आहे, हे मात्र श्रवणमापनच सांगणार. ते उरलेच नसेल, तर अंतर्कर्णातूनच जाणे पुष्कळदा सोयीचे ठरते. गाठ लहान असल्यास कित्येकदा शस्त्र न धरता ठरावीक काळाने पुन्हा प्रतिमा काढून पाहतात. तथापि त्या अवधीतही ऐकणे ओसरू शकते, हे रुग्णास आधी सांगावे लागते.