कुटुंबाला उपदेश, बाजाराला मोकळे रान

१९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांचा प्रश्न गरिबाच्या उत्पन्नाविषयी होता, त्याच्या शहाणपणाविषयी नव्हता. कोवळ्या वयातील मधुमेहाची आजची चर्चा वाचताना त्या हिशेबाचे स्मरण होते.

अमेरिकेत किशोरवयीनांमध्ये टाइप २ मधुमेह आढळू लागल्यावर ‘टुडे’ नावाचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. १० ते १७ वयाच्या ६९९ मुलांपैकी बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय, लॅटिनवंशीय वा आदिवासी होती. सुमारे ४० टक्के मुलांच्या घरचे वार्षिक उत्पन्न २५ हजार डॉलरहून कमी होते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ५१.७ टक्के मुलांची साखर आटोक्याबाहेर गेली. औषधाच्या जोडीला कुटुंबासह वजन घटविण्याचा कार्यक्रम ज्यांना मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ४६.६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील निष्कर्षांनुसार सरासरी २६ वर्षांच्या या तरुणांपैकी सुमारे ६० टक्के जणांना डोळे, मूत्रपिंड वा मज्जातंतूंपैकी एखादा तरी विकार जडलेला होता.

यावर उपाय सुचविला जातो तो असा की, कार्यक्रम त्या त्या समाजाच्या भाषेत व आहारपद्धतीत बसवावा. सूचना योग्यच आहे. परकी थाळी पुढे ठेवून कोणाच्या सवयी बदलत नाहीत. परंतु भाषा बदलली तरी आईची कामाची पाळी बदलत नाही. तेथील संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. वर्षभर पूर्णवेळ राबूनही हाती सुमारे १५ हजार डॉलर येतात. दर आठवड्याच्या समुपदेशनासाठी लागणारा वेळ या घराने कोठून आणावा? बाजाराने लादलेल्या आहाराची जबाबदारी कुटुंबाच्या माथी मारणे हा खाजगीकरणाचाच एक प्रकार आहे.

नावाहो आदिवासींनी मात्र प्रश्न मुळाशी धरला. त्यांच्या स्वशासनाने २०१४ साली कायदे करून ताज्या भाजी-फळांवरील विक्रीकर रद्द केला, निकृष्ट खाद्यपेयांवर २ टक्के जादा कर बसविला आणि ते उत्पन्न गावोगावच्या आरोग्यकार्याकडे वळविले. कराचा दर अल्प आहे, पण दिशा समाजवादी आहे.

आपणही यातून धडा घेतला पाहिजे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले की, आपली नवजात बालके वजनाने कमी असूनही शरीरात चरबी अधिक बाळगतात. म्हणजे परदेशी वजनकाटा येथे जशास तसा लागू पडणार नाही. आपल्या कार्यक्रमाचा आरंभ गरोदर स्त्रीच्या ताटापासूनच व्हावा लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आरोग्य-शिबिरांपुरते समाधान मानू नये. अंगणवाडीत व शाळेत सकस आहार, वस्तीत खेळाचे मैदान, तपासणीच्या दिवशी आईवडिलांना भरपगारी रजा आणि गोड पेयांवरील कराचा पैसा याच कामी, या मागण्या आपल्या जाहीरनाम्यात आल्या पाहिजेत. कुटुंबाने मुलाचा हात धरावा हे खरेच. पण त्या कुटुंबाचा हात समाजाने धरला पाहिजे.