रातीले पाणी पाजता का?

मागच्या हिवाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी सारखी पाणी प्यायला जायची आणि सारखी बाहेर जायची परवानगी मागायची. कवायतीच्या तासाला पाय दुखतात म्हणून कडेला बसून राही. एकदा मी तिच्यावर चांगलीच रागावले. दुसऱ्या दिवशी तिची आई आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, तिले सिकल आहे. कोणाले सांगू नका."

मैत्रिणींनो, आपल्या वर्ध्याला, किंबहुना साऱ्या विदर्भाला सिकलसेल नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत असह्य कळा येतात. अंगात पाणी कमी पडले, गारठा लागला, ताप आला की दुखणे उसळते. बी.ए. होऊन मला यातले काही ठाऊक नव्हते. फार लाज वाटली.

पुढे त्या बाईंनीच मला एका बैठकीला नेले. बैठक कसली, महिन्यातून एका रविवारी ओसरीवर सतरंजी टाकून आठ-दहा बाया बसतात. प्रत्येकीच्या घरी सिकलचे मूल. एक जण तर मेथी निवडायला घेऊन आली होती. नव्या बाईला पहिला प्रश्न, "रातीले उठवून पाणी पाजता का वो ताई?" डॉक्टर सांगतात भरपूर पाणी द्या, पण पोर पीत नसेल तर काय करायचे, थंडीत आंघोळीनंतर अंग कसे झाकायचे, कळ आली की कुठे शेकायचे, हे तिथे कळते. ताप आला तर काढ्यात वेळ घालवायचा नाही, लगेच दवाखाना, हेही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, एस.टी.त सवलत मिळते, हे निम्म्या जणींना तिथेच समजले.

एकीने कुठल्याशा पुडीने गुण येतो, गोळ्या बंद करा, असे सांगितले तेव्हा मात्र मी घाबरले. बाकीच्यांनी तिला गप्प केले खरे, पण अशा बैठकीला अधूनमधून आशाताई किंवा नर्सबाई हवीच, असे माझे मत आहे.

नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांची संघटना बांधली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आमची ओसरी त्यापुढे केवढीशी! पण सारे लपवून ठेवणारी बाई तिथे तोंड उघडते. लपवतात ते मुलींच्या लग्नाच्या धास्तीने. आपण पत्रिका जुळवतो, रक्त तपासायचे म्हटले की मान खाली!

त्या दिवशी एक तरुण सून रडत होती. "सासू म्हणते, तुह्याच माहेरचं रक्त खराब." तेव्हा एका वयस्क बाईंनी चार कवड्या मांडून समजावले. दोष आई आणि बाप दोघांकडूनही आल्याशिवाय मुलाला हा आजार होत नाही. दोघे नुसते वाहक असले, तर दर बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता. ती कवड्यांकडे बघतच राहिली.

पुढच्या महिन्यात सून आली ती सासूला घेऊन. म्हातारी भिंतीला टेकून बसली, शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही. निघताना चप्पल घालता घालता तेवढे विचारले, "ते गरम पाण्याची थैली कुठी भेटते वो बाई?"