तंबाखूचा व्यापार व लोकांचें आरोग्य

उन्हाळा लागला कीं किनवटच्या रानांत पहाटेपासून माणसांची वर्दळ सुरू होते. गोंड, कोलाम, आंध कुटुंबें टेंभुर्णीचीं पानें खुडतात, त्यांचे पुडे बांधतात व शेकड्याच्या भावानें ठेकेदारास मोजून देतात. पुढें याच पानांच्या विड्या होतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं वह्यापुस्तकें याच पैशांतून आलीं असतील. तेव्हां या धंद्याविषयीं लिहितांना लेखणी जपूनच चालवावी लागते.

तथापि एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. तंबाखूच्या वेष्टनाचा शेंकडा 85 भाग धोक्याच्या सूचनेनें व्यापावा, असा नियम केंद्र सरकारनें ऑक्टोबर 2014 मध्यें काढला. तो 1 एप्रिल 2015 पासून अमलांत यावयाचा होता. इतक्यांत संसदेच्या एका समितीनें तो लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांनीं, तंबाखूनें कर्करोग होतो असें दाखविणारा भारतीय अभ्यासच नाहीं, असे उद्गार काढले. अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हेही त्या समितींत होते, आणि त्यांचा स्वतःचा विड्यांचा मोठा व्यवसाय होता! मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून उभें आहे. या मंडळींनीं तेथील दारांत एक दिवस बसून पाहावयास हवें होतें. नियम लागू झाला तो 1 एप्रिल 2016 रोजीं. मध्यें अख्खें वर्ष गेलें.

आमचा खरा आक्षेप मात्र याहून निराळा आहे. नियम नको म्हणणारे पुढें कोणास करतात? पान खुडणारास व विडी वळणारीस. गरिबांच्या पोटावर पाय येईल, असा टाहो दिल्लीस फोडावयाचा. पण तींच माणसें शेकड्यामागें चार पैसे अधिक मागूं लागलीं कीं हा कळवळा कोठें जातो?

गुटख्याची कथा याहून चमत्कारिक. महाराष्ट्राची 2002 ची बंदी सर्वोच्च न्यायालयांत 2004 मध्यें टिकली नाहीं. जुलै 2012 मध्यें ती नव्या कायद्यान्वयें पुन्हा आली. तेव्हां व्यापाऱ्यांनीं पानमसाला एका पुडींत व तंबाखू दुसरींत घालून दोन्ही शेजारीं टांगल्या. गिऱ्हाइकानें त्या तळहातावर एकत्र कराव्या! कायद्याचें अक्षर राहिलें, गुटखाही राहिला. नुसती सुपारी तरी निरुपद्रवी आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें 2004 मध्यें तीही कर्करोगकारक ठरविली. जाहिरातींचें म्हणाल, तर तंबाखूची जाहिरात 2003 च्या कायद्यानें मना. म्हणून त्याच नांवाची वेलची सिनेनटाच्या हातीं दिली जाते.

त्याच कायद्यानें 18 वर्षांखालील मुलांस, तसेंच शाळेपासून 100 वारांच्या आंत कोणासही, तंबाखू विकणें मना आहे. पालकांस विनंती कीं घरांतील वडीलधाऱ्यांची पुडी आणावयास मुलास दुकानीं धाडूं नये. विद्यार्थ्यांनो, 100 वार म्हणजे सुमारें 91 मीटर. शाळेच्या फाटकापासून तेवढें अंतर मोजा, आणि त्यांत तंबाखूचीं किती दुकानें येतात तें आम्हांस कळवा.