लाबाची पेज आणि वर्षाचा नाका

चिनी नववर्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल कंदील, फटाके आणि नाचणारा ड्रॅगन येतो. पण बंधू-भगिनींनो, या सणाची चाहूल लागते ती चुलीवरच्या पेजेपासून. आज आम्ही त्या पेजेविषयी लिहिणार आहोत.

चिनी पंचांगातील बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीला 'लाबा' म्हणतात. हा दिवस बहुधा जानेवारीत येतो. हिवाळ्यात पूर्वजांना व देवतांना नैवेद्य देण्याची तिथली चाल धम्म तेथे पोहोचण्याआधीची. पुढे चिनी बौद्धांनी हीच तिथी तथागतांच्या संबोधीचा दिवस म्हणून मानली. आपण तो दिवस वैशाख पौर्णिमेला मानतो, ते कडाक्याच्या थंडीत मानतात. सुजातेची खीर मात्र दोघांची एकच! तिच्या आठवणीने तेथील विहारांत मोठमोठ्या भांड्यांत पेज शिजते आणि येईल त्याला फुकट वाटली जाते. हांगचौ शहरातील लिंगयिन विहारात ती घेण्यासाठी माणसांची रीघ लागते. घरोघरीही तांदूळ, राळे, कडधान्ये, शेंगदाणे, कमळबिया, वाळलेली लाल बोरे घालून ती मंद आचेवर रटरटत ठेवतात. अमुकच हवे असा हट्ट नाही. डब्यात उरले असेल ते पातेल्यात.

उत्तर चीनमध्ये त्याच दिवशी लसणाच्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये मुरत घालतात. त्या हिरव्यागार होतात. नववर्षाच्या रात्री करंजीच्या आकाराचे, मांसाचे वा भाजीचे सारण भरून उकडलेले 'च्याओत्झ' करतात, त्याबरोबर हा लसूण खातात. चिनी भाषेत लसूण आणि हिशेब या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच, 'स्वान'. म्हणून लोक सांगत, की हा लसूण दिसला की कर्जदाराने काय ते समजावे! जुनी देणी वर्ष संपण्यापूर्वी फेडावी लागत. त्या दिवसांना नावच पडले होते 'न्यान-क्वान', म्हणजे वर्षाचा नाका. पैसे मोजल्याशिवाय गरिबाला पलीकडे जाता येत नसे.

१९४५ साली येनान येथे रंगमंचावर आलेले 'पांढऱ्या केसांची मुलगी' हे संगीत नाटक याच नाक्यावर सुरू होते. कर्जाच्या भीतीने लपून राहिलेला यांग पाइलाव हा कूळ सणाच्या रात्री घरी येतो. मुलीसाठी त्याने केसांना बांधायची लाल दोरी आणलेली असते. जमीनदार कर्जापोटी त्या मुलीच्याच विक्रीच्या कागदावर त्याचा अंगठा उमटवून घेतो. बाप त्याच रात्री जीव देतो.

आज ते जमीनदार राहिले नाहीत. पण नाका पुरता उठलेला नाही, देणेकरी तेवढा बदलला. कोट्यवधी मजूर शहरात राबतात. त्यांतल्या अनेकांची मुले गावाकडे आजी-आजोबांपाशी वाढतात. वर्षातून एकदा, या सणाला, त्यांची भेट. त्या ये-जा करण्यासाठी रेल्वे व बसगाड्यांचा चाळीस दिवसांचा खास हंगाम ठरलेला असतो. आणि नेमक्या त्याच वेळी ठेकेदाराने मजुरी अडकवली तर? लेकराच्या हाती द्यायचे लाल पाकीट रिकामे घेऊन कोणत्या तोंडाने घरी जावे? मजुरी बुडवण्याचे हे दुखणे जुने. २०२० च्या मे महिन्यापासून तेथे अशा मजुरांची मजुरी वेळेवर आणि पूर्ण देण्याबाबत स्वतंत्र नियम लागू झाले.

मजुरी हाती आली की दारावर शुभेच्छांचे लाल कागद चिकटतात, घर झाडूनपुसून लख्ख होते आणि सारे एका टेबलाभोवती जेवायला बसतात. सण तो हाच.

आयाबहिणींनो, लाबाच्या पेजेला कर्ज काढावे लागत नाही. घरात आहे त्यात शिजवावी आणि दारी येईल त्याला वाढावी. सण असाच असावा. कष्टकऱ्याच्या घामाचा हिशेब मात्र सणाच्या आधी चुकता व्हावा. तो चीनमध्ये व्हावा, तसाच आपल्या नाक्यावरच्या मजुराचाही व्हावा.