१४ जानेवारी कुणाची?

मैत्रिणींनो, दर वर्षी डिसेंबर संपत आला की आपल्या गटांच्या बैठकीत एकच विषय येतो : संक्रांतीचे हळदीकुंकू घ्यायचे की नाही? उत्तरही ठरलेले असते. "बायका जमतात ना, मग घेऊ या." पुढचा अर्धा तास वाणाला डबा द्यायचा की वाटी, यात जातो. १४ जानेवारी ही तारीख आणखी कशाकशाची आहे, हे कुणी काढत नाही. मला तेच काढायचे आहे, आणि भांडायच्या तयारीने काढायचे आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. 'लाख बांगडी फुटली' असे आपण आजही सहज बोलून जातो. मेलेल्या पुरुषांची मोजदाद बाईच्या बांगडीने करायची आणि त्या हातांचे पुढे काय झाले ते सांगायचे नाही, असा हा हिशोब आहे. फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेच्या आशेने निघालेली माणसे होती. लढाईनंतर हजारो बायका-मुलांना गुलाम करून नेले. आमच्या गेवराईच्या पोरांना पानिपतानंतरचा धडाही पाठ असतो, कारण तो घरचा आहे : तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवले आणि पानिपतात गेलेली पत परत मिळवली. नेलेल्या बायकांचे काय, हे त्या धड्यात नाही.

एकीचे नाव मात्र सांगितले पाहिजे. सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई पानिपतावरून जिवंत परतली. नवरा मेला हे तिने मानले नाही. १७८३ मध्ये वारली तोवर, म्हणजे बावीस वर्षे, ती सौभाग्यवती म्हणून राहिली आणि पेशव्यांच्या घराने ते चालू दिले. याचा अर्थ कुंकवाचा नियम वाकत होता. घर मोठे असले की वाकत होता. तिच्याच घरातल्या रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. साध्या बारगिराच्या बायकोला कुणी विचारले असेल, की बाई, तुला कुंकू ठेवायचे का?

पानिपत संक्रांतीलाच झाले, असे पुष्कळजणी सांगतात. ते खरे नाही. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीनचार दिवस आधीच होऊन गेली होती; हल्ली कधी १५ तारखेलाही येते. सूर्याला तारीख बदलता येते. आपल्याला आमंत्रणाची यादी बदलता येत नाही.

आता तिसरी गोष्ट, आपल्या मराठवाड्याची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि इथे दलित वस्त्या पेटल्या. जळालेल्या घरांतून भांडी-धान्य वेचून पुन्हा चूल मांडली ती बायकांनी. सत्याग्रहात, मोर्च्यांत, तुरुंगातही त्या होत्या. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, निर्णय झाला. मागितले होते नामांतर, मिळाला नामविस्तार. दर वर्षी या दिवशी विद्यापीठाच्या दारात हजारो माणसे जमतात. आपल्या भागातल्या वस्त्यांतूनही गाड्या भरून संभाजीनगरला जातात, त्यात म्हाताऱ्या बायका असतात. त्याच दुपारी गावच्या दुसऱ्या टोकाला आपण वाण वाटत असतो. "आम्ही बोलावतो, त्याच येत नाहीत" असे मी आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकले आहे. बाई गं, १९५६ नंतर ज्या घरांनी हे विधी सोडले त्यांना त्यांच्याच दिवशी हळदीकुंकवाला बोलावतेस, आणि येत नाहीत म्हणून तक्रार करतेस?

शिवाय "बायका जमतात" म्हणजे कोणत्या बायका? जानेवारीत आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बायका उसाच्या फडावर असतात. नवराबायको मिळून एक कोयता; उचल घेतो तो, फेडतात दोघे. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. या सगळ्या पंगतीच्या हिशोबाने सौभाग्यवतीच, पण पंगतीत नसतात.

काही गट आता विधवांनाही बोलावतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. हेरवाडच्या बायकांना माझा मनापासून सलाम. पण आपल्याकडे त्याचे काय झाले? पुढाऱ्याची बायको विधवेला कुंकू लावते, फोटो निघतो, फ्लेक्सवर लागतो. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या बाईच्या घरी मी कामानिमित्त जाते तेव्हा पहिला प्रश्न असतो तो सातबाऱ्याचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती पहिल्या वर्गातली वारस आहे. दिराने मात्र नोंद अडवून धरलेली असते. कपाळावर कुंकू आले तरी तिची ओळख नवऱ्यावरूनच ठरते, हेही आहेच. 'यांना पण' म्हणून बोलावले, की यादी कुणाची आहे ते कळतेच.

बायका एरवी घराबाहेर पडत नाहीत, या निमित्ताने पडतात, हा मुद्दा मला मान्य आहे. मग निमित्त तिळगुळाचे ठेवा. तिळगूळ कुणालाही देता येतो, त्याला नवरा लागत नाही. सकाळी वस्तीतल्या बायकांबरोबर त्यांच्या गाडीत बसून विद्यापीठाच्या दारात जाऊ; पाहुण्या म्हणून, भाषण न करता. दुसऱ्या दिवशी वारस नोंदीचे आणि निराधार पगाराचे अर्ज भरायला बसू. फडावरच्या बायका मार्च-एप्रिलात परततील, तेव्हा पुन्हा एकदा बसू. वाणाला जेवढे पैसे जमतात तेवढ्यात झेरॉक्स आणि तलाठ्याकडच्या खेपा निघतात, मी हिशोब मांडून पाहिला आहे.

येत्या बैठकीत हाच ठराव मी ठेवणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे. फक्त "बायका जमतात" एवढेच कारण देऊ नये.