वाकलेली बोटे आणि सहीचा नमुना

निजामपुऱ्यातील कापडाच्या पेढ्यांत गृहिणीही भागीदार असतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक जडतो. बोटे वाकतात, सही जुळेनाशी होते, चेक परत येतो. घरचे मायेपोटी सारा व्यवहार मुलाकडे सोपवतात. पाठोपाठ भिशी सुटते, लग्नकार्यांत जाणेही. वस्तुतः बँकेत सहीचा नवा नमुना देता येतो. सहीच अशक्य झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अंगठा चालतो. ओळख पटवायला २ स्वतंत्र साक्षीदार लागतात, पैकी १ बँकेचा जबाबदार अधिकारी. (पदवीधर स्त्रीला अंगठ्याची लाज वाटते, ती अनाठायी आहे.) सकाळी सांधे तासाहून अधिक काळ आखडलेले असतात, म्हणून बँकेत दुपारी न्यावे. फॉर्म मात्र त्यांनाच भरू द्यावा, वेळ लागला तरी.